दुसऱ्याचे मूल आणि परदेशचा प्रवास
(संस्थेच्या पालक-मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षणाचे महत्त्व, निकाल, शिष्यवृत्त्या यांविषयी आपण ऐकता. मला चिटणीस साहेबांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, मी कागदपत्रांवर बोलेन. ते हसले. पण माझ्या वर्गातल्या चाळीस-पन्नास मुलांकडे पाहतो तेव्हा त्यांत दोन-चार तरी अशी असतात, की ज्यांना चाचा, मामा, नाना किंवा मोठी खाला सांभाळते. कोणाचे वडील आखातात आहेत, कोणाचे वारले आहेत, कोणाच्या आईवडिलांचे पटले नाही. नागपूरहून शारजा आणि दोहाला थेट विमाने सुरू झाल्यापासून मोमिनपुऱ्यातल्या, टेका नाक्यावरच्या साध्या घरातली माणसेही उमराहला, नातेवाइकांकडे जाऊ लागली, आणि जाताना आपल्या मुलांबरोबर अशा एखाद्या मुलालाही न्यावे असे त्यांना वाटते. वाटणे चांगले आहे. पण नुसत्या वाटण्यावर सीमा ओलांडता येत नाही. हे मला माझ्याच चुकीने शिकावे लागले. म्हणून प्रथम ती चूक सांगतो.

माझे थोरले भाऊ वारले तेव्हा त्यांचा मुलगा दोन वर्षांचा होता. भाभी आणि तो आमच्याकडेच राहिले. त्याला पहिलीत घालायची वेळ आली, तेव्हा प्रवेशाचा अर्ज मी भरला. 'वडिलांचे नाव' या रकान्यापाशी माझा हात थांबला, आणि मी माझे नाव लिहिले. पोराला शाळेत कोणी यतीम म्हणू नये, एवढाच विचार मनात होता. जन्मदाखला नंतर आणून देतो म्हणालो. तो मी कधी दिला नाही. आधार कार्डही त्याच नावाने निघाले. आपल्याकडे मुलाच्या नावातच वडिलांचे नाव येते. म्हणजे एका रकान्यात चूक केली की मुलाचे सबंध नावच बदलते. मी स्वतः शिक्षक. जनरल रजिस्टरमधली नोंद म्हणजे काय, हे मला माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय नाही.

तो नऊ वर्षांचा झाला. आमच्या अम्मीने उमराहला जायचे ठरवले, आणि नातवाला सोबत न्यायचे म्हणून हट्ट धरला. पासपोर्टसाठी कागद मांडले, तेव्हा जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने अतिशय सभ्यपणे विचारले, "सर, मुलगा कोणाचा?" मी उत्तर जुळवू लागलो. मुलगा शेजारीच उभा होता. घरी परतताना स्कूटरवर मागे बसून तो म्हणाला, "चाचा, फॉर्मवर अब्बांचे नाव लिहिलेले चालत नाही का?"

मित्रहो, त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्या पोराला मी लोकांच्या बोलण्यापासून वाचवायला निघालो होतो, त्याच्याकडून मी त्याच्या बापाचे नाव काढून घेतले होते. कुरआन शरीफात सूरह अहज़ाबमध्ये सांभाळलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या वडिलांच्या नावाने हाक मारण्याचा हुकूम आहे. तो आपण सर्वांनी वाचलेला आहे. मीही वाचला होता. पण तो शाळेच्या अर्जालाही लागू होतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. दीन जे सांगतो तेच पासपोर्टचा अधिकारी मागत होता.

ही चूक माझ्या एकट्याची नाही. तिला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या महाराष्ट्रातले मुसलमान आहेत. रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले कोकणी मुसलमान विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला मजुरीसाठी, दुकानदारीसाठी जात. तिथल्या सरकारने १९०२ च्या आणि पुढे १९१३ च्या कायद्याने नव्या भारतीयांना दार बंद केले. पण जे आधीच स्थायिक होते त्यांना बायको आणि सोळा वर्षांखालची मुले आणता येत. मग काय झाले असेल, ते आपण ओळखू शकता. गावाकडे भावाचा मुलगा असे, बहिणीचा मुलगा असे. त्यांना पोटाला लावायचे म्हणून काका त्याला आपला मुलगा म्हणून कागदावर दाखवी. इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी केपटाउनच्या जुन्या दप्तरांतून या खोट्या बापांचा आणि खोट्या मुलांचा अभ्यास केला आहे. अधिकाऱ्यांना संशय येऊ लागला, तेव्हा भारतातल्या मॅजिस्ट्रेटचे दाखले, फोटो आणि वयाची डॉक्टरी तपासणी असे एकेक सोपस्कार वाढत गेले. आणि संशय एकदा आला की तो खऱ्या बापाच्या खऱ्या मुलावरही येतो.

हे केवळ आपल्याच लोकांनी केले असे नाही. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोची सरकारी दप्तरे जळाली, तेव्हा कित्येक चिनी कुटुंबांनी परक्या मुलांना कागदावर आपली मुले केले. मग १९१० पासून एंजल बेटावर येणाऱ्या प्रत्येक चिनी मुलाला, तुझ्या घराला पायऱ्या किती, शेजारी कोण राहतो, असे प्रश्न विचारून बापाच्या उत्तरांशी ताडून पाहू लागले. ती मुले मोठी झाली, त्यांना मुले झाली, आणि खोटे नाव पुढच्या पिढ्यांना चिकटले. त्या काकांवर मी टीका करीत नाही. कायदाच जुलमी होता. पण आज आपल्याला तसा कायदा अडवत नाही. पुतण्याला पुतण्या म्हणून, भाच्याला भाचा म्हणून राजरोस नेता येते. मग खोटे लिहायचे कशासाठी?

काही पालक म्हणतात, "आमचेच रक्त आहे, यात एवढी विचारपूस कसली?" विचारपूस का होते, हेही समजून घ्या. ऑगस्ट १९९१ मध्ये हैदराबादहून दिल्लीला जाणाऱ्या विमानात दहा-अकरा वर्षांची एक मुलगी रडताना हवाई सुंदरीला दिसली. साठीच्या सौदी माणसाशी तिचा निकाह लावून तिला देशाबाहेर नेले जात होते. त्या हवाई सुंदरीने विचारले, म्हणून मुलगी सुटली. आखातात उंटांच्या शर्यतींसाठी आपल्या उपखंडातून लहान लहान मुले नेली जात. त्यांतली कित्येक, कोणीतरी आईबाप बनून, खोट्या कागदांवर नेलेली होती. संयुक्त अरब अमिरातीने २००५ मध्ये कायद्याने अठरा वर्षांखालच्या स्वारांना बंदी केली, तोवर पुष्कळ मुले त्या उंटांवरून पडून जायबंदी झाली होती. तेव्हा काउंटरवरचा माणूस "हे मूल कोणाचे?" असे विचारतो, तेव्हा तो आपला अपमान करीत नाही. तो मुलाच्या बाजूने विचारतो. त्याच्यावर रागावू नका. त्याच्या हातात उत्तर ठेवा.

आता ते उत्तर कसे तयार करायचे, ते क्रमाने सांगतो. माताभगिनींनी हवे तर टिपून घ्यावे.

पहिली गोष्ट जन्मदाखला. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. एक वर्ष उलटून गेले असेल तर दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी तो आदेश देतो. दाखल्यात मुलाचे नाव घालायचे राहिले असेल तर ते पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. आणि ज्यांची मुले आखातात जन्मली त्यांनी तिथल्या भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत नोंद केलीच पाहिजे. नाही तर पुढे नागरिकत्वाचाच प्रश्न उभा राहतो.

दुसरी गोष्ट शाळेचे रजिस्टर. जन्मदाखला आणि शाळेची नोंद जुळत नसेल, तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्ती होते. पण मूल शाळेत शिकत असतानाच. दाखला घेऊन शाळा सोडल्यावर ती दुरुस्ती फार अवघड होऊन बसते. आज घरी गेल्यावर मुलाचा जन्मदाखला, आधार आणि प्रगतिपुस्तक शेजारी शेजारी ठेवून पाहा. स्पेलिंगसुद्धा पाहा. एकीकडे शेख आडनाव आधी आणि दुसरीकडे शेवटी, असे आपल्याकडे सर्रास असते. आडनावाची जागा रिकामी सोडू नका. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिराती, ज्याच्या पासपोर्टवर एकच शब्दाचे नाव आहे, अशाला भेटीच्या व्हिसावर येऊ देत नाही.

तिसरी गोष्ट मुलाचा स्वतःचा पासपोर्ट. पूर्वी लहान मुलाचे नाव आईच्या किंवा बापाच्या पासपोर्टात लिहीत. ते दिवस गेले. आता तान्ह्या बाळालाही वेगळा पासपोर्ट लागतो. तो पाच वर्षे किंवा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत, जे आधी येईल तोवर चालतो. त्यासाठी आईवडिलांनी 'ॲनेक्शर डी' नावाचे घोषणापत्र द्यायचे असते. एकाची संमती मिळत नसेल, तर दुसऱ्याने 'ॲनेक्शर सी' भरून कारण सांगायचे असते. डिसेंबर २०१६ पासून ही घोषणापत्रे साध्या कागदावर चालतात आणि अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचे नाव असले तरी पुरते. बायका एकट्याने मुले वाढवतात, त्यांना याची माहिती नसते आणि त्या दलालाला पैसे देतात. पैसे देऊ नका.

चौथी आणि आजच्या विषयातली मुख्य गोष्ट म्हणजे संमतीपत्र. आईवडील हयात आहेत आणि मूल चाचाबरोबर किंवा नानीबरोबर जात आहे, तर आईवडिलांनी दोघांनीही सही करून एक पत्र द्यावे आणि ते नोटरी करून घ्यावे. त्यात मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक असावा. आईवडिलांची नावे, पत्ता, फोन असावा. कोणाबरोबर जात आहे, त्याचे नाते काय, त्याचा पासपोर्ट क्रमांक काय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या देशात, कोठे उतरणार, हे सर्व लिहावे. आणि एक वाक्य विसरू नये : मूल आजारी पडल्यास उपचारांना संमती देण्याचा अधिकार या व्यक्तीला देत आहोत. परमुलुखात अपेंडिक्स दुखू लागले तर डॉक्टर सही कोणाची घेणार? पत्र इंग्रजीत असावे. जिथे दुसरी भाषा मागतात तिथे भाषांतर जोडावे. सोबत जन्मदाखल्याची आणि आईवडिलांच्या पासपोर्टची प्रत जोडावी. वडील परदेशात असतील तर त्यांनी तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन सही करावी. जन्मदाखला परक्या सरकारला द्यायचा असेल, तर काही देश त्यावर 'अपोस्टिल' हा शिक्का मागतात. भारतात ही पद्धत जुलै २००५ पासून आहे आणि सौदी अरबस्तानही डिसेंबर २०२२ पासून ती मानतो.

पाचवी गोष्ट, जिथे आईबापांपैकी कोणी नाही. वडील वारले असतील, तर त्यांचा मृत्यूचा दाखला आणि आईचे संमतीपत्र. तलाक किंवा खुला झाला असेल, तर त्याचा कागद आणि मुलाच्या ताब्याविषयी न्यायालयाचा हुकूम असल्यास तो. खटला चालू असेल, तर न्यायालयाला विचारल्याशिवाय मूल देशाबाहेर नेऊ नये. पळवून नेलेली मुले परत करण्याविषयी १९८० चा हेगचा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारत त्यात सामील नाही. त्यामुळे रागाच्या भरात एकाने मूल सीमेपार नेले की दुसऱ्याला वर्षानुवर्षे न्यायालयाची पायरी चढावी लागते.

दोन्ही आईबाप नसतील, तर लक्षात ठेवा : आपल्या शरीअतच्या कायद्याप्रमाणे वडिलांनंतर वडिलांनी नेमलेला वसी आणि दादा हे वली असतात. चाचा, मामा, मोठा भाऊ, खाला, यांचे प्रेम कितीही असो, ते आपोआप कायदेशीर पालक होत नाहीत. त्यांनी १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली कौटुंबिक न्यायालयात अर्ज करून पालकत्व घ्यावे. आणि न्यायालयाने नेमलेल्या पालकालाही, त्या कायद्याच्या कलम २६ प्रमाणे, न्यायालयाच्या परवानगीवाचून मुलाला त्याच्या हद्दीबाहेर नेता येत नाही. म्हणजे तिकीट काढण्याआधी ही परवानगी घ्यावी लागते. पालकत्वाच्या हुकुमाबरोबरच ती मागितली तर एक खेप वाचते.

काहीजण विचारतात, दत्तक घेतले तर? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर निकाल दिला, की बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येते. ते कोणावर बंधनकारक नाही. सप्टेंबर २०२२ पासून हे आदेश जिल्हा दंडाधिकारी देतात. ज्यांना दत्तक नको, पण यतीमाचे पालनपोषण हवे, त्यांच्यासाठी आपल्याकडे कफालत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातही तिचा नावाने उल्लेख आहे. मार्ग कोणताही घ्या, पण कागदावर घ्या. "घरातलेच मूल आहे" हा कागद नव्हे.

शेवटी, जाण्यापूर्वी त्या देशाचा त्या वर्षीचा नियम विचारून घ्या. नियम बदलतात. ज्या दक्षिण आफ्रिकेची गोष्ट मी सांगितली, तिने जून २०१५ मध्ये प्रत्येक मुलासाठी आईबाप दोघांची नावे असलेला जन्मदाखला सक्तीचा केला आणि २०१९ मध्ये ती अट सैल केली. सौदी सरकारने २०२५ च्या हजला गर्दीतल्या धोक्यामुळे लहान मुलांना सोबत आणण्यास मनाई केली. मागच्या वर्षी शेजाऱ्याला चालले ते यंदा आपल्याला चालेलच असे नाही.

माझ्या घरी पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. त्या वर्षी अम्मी उमराहला गेली नाही. नातवाशिवाय जाणार नाही म्हणाली. तिचे वय पाहता माझी झोप उडाली होती. शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, रजिस्टर दुरुस्त झाले, मग आधार, मग भाभीच्या सहीने आणि भावाच्या मृत्यूच्या दाखल्याने पासपोर्ट. वर्ष गेले. निघण्याच्या आठवड्यात भाभीने संमतीपत्रावर सही केली. नोटरीकडे बसून तिने ते पत्र दोनदा वाचून घेतले. त्यात माझ्या नावापुढे 'वडिलांचा धाकटा भाऊ' असे लिहिले होते.

विमानतळावर तिघांचे पासपोर्ट पाहून अधिकाऱ्याने मुलालाच विचारले, "हे तुझे कोण?" तो म्हणाला, "चाचा." "आणि वडिलांचे नाव?" त्याने माझ्या भावाचे पूर्ण नाव सांगितले, मोठ्याने. मी पत्र पुढे केले. दोन मिनिटांत काम झाले. अम्मी मागे उभी होती. आपल्या थोरल्या मुलाचे नाव तिने कित्येक वर्षांनी परक्याच्या तोंडासमोर, नातवाच्या आवाजात ऐकले. ती काही बोलली नाही. तिने फक्त पोराचा हात धरला.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी जे चाचा-मामाच्या घरी वाढत आहेत त्यांना मला एवढेच सांगायचे आहे, की आपल्या वडिलांचे नाव लिहिताना संकोच करू नका. ते लिहिल्याने सांभाळणाऱ्याचा हक्क कमी होत नाही. आणि पालकांनो, सांभाळणे हे मोठे सवाबाचे काम आहे. त्याला खोट्या नावाची गरज नाही. आमच्या शाळेत दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी तासभर थांबतो. ज्यांना कागद पडताळून पाहायचे असतील त्यांनी मुलाचा जन्मदाखला आणि आधार घेऊन यावे. फी नाही, चहा माझ्याकडून.